नऊ फुटांवरचा फोर-के: राजारामपुरीत घेतलेला ४३ इंची टीव्ही

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानातून दिवाळीत घेतलेला ४३ इंची फोर-के टीव्ही तीन महिने वापरून झाला. टीव्ही चांगला आहे. तक्रार आहे ती विक्रेत्याच्या सल्ल्याबद्दल. फुल एचडी आणि त्याहून दाट ठिपक्यांचे चित्र दाखवणारा फोर-के असे दोन संच शेजारी लावून त्याने मला जेमतेम अडीच फुटांवर उभे केले आणि मोरपिसातला तंतू न् तंतू दाखवला. फरक डोळ्यांत भरला, म्हणून काही हजार जास्त मोजले. घरी सोफा भिंतीपासून किती लांब आहे, हे त्याने विचारले नाही आणि मलाही सांगायचे सुचले नाही. ते अंतर नऊ फूट आहे.

निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. त्याहून दाट ठिपके एकमेकांत मिसळतात. ४३ इंची पडदा सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो आणि फुल एचडीत तेवढ्यात १९२० ठिपके बसतात, म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, जो साडेपाच फुटांपलीकडे सुटा दिसत नाही. फोर-केचा ठिपका त्याच्या निम्मा, त्यामुळे त्याचे पैसे पुरते वसूल करायचे तर तीन फुटांच्या आत बसावे लागेल. ५५ इंची पडद्यावर फुल एचडीची हीच मर्यादा सात फुटांपर्यंत जाते. म्हणजे माझ्या सोफ्यावरून तिथेही फरक कळला नसता, पण चित्र तरी मोठे दिसले असते.

खात्रीसाठी पत्नीने यूट्यूबवरचा एकच व्हिडिओ मला न सांगता कधी २१६० (म्हणजे फोर-के), तर कधी १०८० (म्हणजे फुल एचडी) वर लावला. सोफ्यावरून दहापैकी पाच वेळा बरोबर ओळखले, म्हणजे नाणेफेकच. तीन फुटांवरून एकदाही चुकलो नाही. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल सामन्याचे थेट प्रक्षेपण मात्र कुठूनही गढूळच दिसते आणि चेंडू उंच उडाला की हिरवळीचे चौकोनी तुकडे पडतात, पण तो दोष पडद्याचा नव्हे. पाठवताना चित्र फार दाबले जाते, त्याचा आहे.

रंगांबद्दल तक्रार नाही. टीव्ही बसवणारा कारागीरही वेळेवर आला. बातम्यांच्या पट्टीतले अनुस्वार दिसत नाहीत म्हणून वडील हल्ली खुर्ची चार फुटांवर ओढून बसतात. तेवढ्या जवळून फोर-के उपयोगी पडावा, पण त्यांची बातम्यांची वाहिनी फोर-के नाही. त्यांना हवे होते ते मोठे अक्षर, आणि त्यासाठी पडदाच मोठा घ्यायला हवा होता.