केनिया की टांझानिया? आधी तुमची सुट्टी कधी आहे ते बघा

सफारीसाठी प्रसिद्ध असलेले केनियातला मसाई मारा आणि टांझानियातलं सेरेंगेटी हा खरं तर एकच सलग गवताळ प्रदेश. मधली सीमा माणसांसाठी आहे, विल्डबीस्ट या हरणाच्या जातकुळीतल्या प्राण्यांचे कळप तिला जुमानत नाहीत. त्यामुळे ‘प्राणी कुठे जास्त दिसतात’ यावर डोकं फार शिणवू नका. सिंह, हत्ती, जिराफ, चित्ते दोन्हीकडे मनसोक्त दिसतात. निर्णय ठरतो तो तुमची सुट्टी, हातातले दिवस आणि खर्च यांवर, आणि माझ्या मते याच क्रमाने.

कळप वर्षभर गोल फिरत असतात. जानेवारी ते मार्च ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्डुटूच्या आखूड गवतात असतात. फेब्रुवारीत तिथे पिल्लं जन्मतात आणि त्यांच्यामागे तरस, चित्ते, सिंहही येतात. मे-जूनमध्ये कळप पश्चिमेला ग्रुमेटी नदीकडे सरकतात आणि साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर मारा नदीच्या आसपास राहतात. म्हणजे वर्षातला बराचसा काळ ते टांझानियातच असतात. कळपांनी नदी ओलांडण्याचं दृश्य फक्त केनियातच दिसतं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खरा नाही. मारा नदी सेरेंगेटीच्या उत्तर टोकातूनही वाहते. तिथल्या कोगातेंडे भागात तेच दृश्य दिसतं आणि काठावर गाड्यांची गर्दीही सहसा कमी असते.

आता आपल्या सुट्ट्या. शाळा मे महिन्यात बंद असतात आणि मार्च ते मे हा दोन्ही देशांत मोठ्या पावसाचा काळ. म्हणून मे बाद करायचा का? अजिबात नाही. गवत उंच असतं, प्राणी शोधायला वेळ लागतो, पण सगळं हिरवंगार असतं, लॉजचे दर उतरलेले असतात आणि एका सिंहाभोवती वीस गाड्यांचा वेढा पडत नाही. मे महिन्यात मी केनियाच सुचवेन. तिथली अंतरं कमी आहेत, एखादा दिवस पावसाने खाल्ला तरी नाकुरू किंवा नैवाशा सरोवर हाताशी असतं. फक्त गाडी लँड क्रूझरच घ्या. माराची माती आपल्या विदर्भातल्या कापसाच्या जमिनीसारखी काळी आणि चिकट आहे. एक सर आली की साधी व्हॅन रुतून बसते आणि सकाळची फेरी ती ओढून काढण्यात जाते.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर कळप मारात सापडण्याची आशा असते. नोव्हेंबरात आली तर ती धरू नका, टांझानियातल्या गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराकडे वळा, कारण तिथे प्राणी बारमाही असतात. ख्रिसमस आणि फेब्रुवारीसाठी टांझानियाच.

खर्चात लोकांची सर्वात जास्त फसगत होते, कारण पॅकेजच्या आकड्यात पार्क फी आहे की नाही हे विचारायचं राहून जातं. मसाई मारात परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला 100 डॉलर लागतात आणि जुलै ते डिसेंबर थेट 200. शिवाय हे तिकीट 12 तासांचं असतं. सेरेंगेटीत हंगामात 70 डॉलर अधिक 18 टक्के कर, म्हणजे 82.60, आणि तिकीट 24 तासांचं. म्हणजे टांझानिया स्वस्त? थांबा. टांझानियातल्या अरुशा शहराहून रस्त्याने सेरेंगेटीला जाताना गोरोंगोरोच्या संरक्षित क्षेत्रातूनच जावं लागतं. नुसतं पलीकडे जायचं असलं तरी तिथली फी भरावी लागते, करासह माणशी सुमारे 71 डॉलर, आणि परतताना पुन्हा. विवरात उतरायचं तर प्रत्येक गाडीला करासह 295 डॉलर वेगळे. चौघांत ते माणशी 74 होतात, दोघांत जवळपास 148. म्हणून टांझानियाला जोडप्याने एकटं जाण्यापेक्षा चौघांनी मिळून जाणं बरंच परवडतं. जुलै ते ऑक्टोबरात मात्र मारातले दोन-तीन दिवसही खिशाला चांगलेच जाणवतात.

दिवसांचं गणित सोपं आहे. मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, साधारण सहा तासांचं, आणि तिथून नारोकमार्गे मारा पाच-सहा तासांवर. टांझानियाच्या उत्तरेकडच्या सफारीसाठी किलिमांजारो विमानतळ गाठावा लागतो, तोही नैरोबी, अदिस अबाबा किंवा दोहामार्गे. पुढे अरुशाहून सेरेंगेटीच्या मध्यावरचं सेरोनेरा सव्वातीनशे किलोमीटर, खडबडीत रस्त्याने सात-आठ तास. हातात पाच-सहा दिवस असतील आणि सोबत आई-बाबा असतील तर केनिया घ्या. आठ-नऊ दिवस असतील तर टांझानिया, कारण विवराच्या कडेवरून सहाशे मीटर खाली, धुक्याखाली पसरलेलं ते मैदान पहिल्यांदा दिसतं त्या क्षणाला केनियात जोड नाही. शेवटी झांझिबार बेटाचा समुद्रही जोडता येतो. झांझिबारला त्यांचाच 44 डॉलरचा प्रवास विमा घ्यावा लागतो. आपला भारतातून काढलेला विमा त्याऐवजी चालत नाही.

कागदपत्रं दोन्हीकडे ऑनलाइन होतात. केनियाला ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी, सुमारे 30 डॉलर. टांझानियाला ई-व्हिसा, भारतीयांना 50. पिवळ्या तापाची लस मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं. केनियाहून परतताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं. टांझानियाला नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणार असाल तरी घ्याच. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

शाकाहाराची काळजी दोन्हीकडे नको. गुजराती समाज पिढ्यान्‌पिढ्या तिथे आहे, चपाती आणि चहा तर स्थानिकांच्याही रोजच्या जेवणातले. फक्त जंगलातल्या दुपारच्या डब्याबद्दल आदल्या रात्री लॉजला आठवण करा. चिवडा, लाडू न्यायचे तर डब्यात न्या, कॅरीबॅगमध्ये नको. केनियाने 2017 मध्ये आणि टांझानियाने 2019 मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली आहे. कपड्यांत गडद निळा आणि काळा टाळा, त्से-त्से माश्या त्या रंगांवर येतात. गोरोंगोरोच्या कडेवर रात्री चांगलीच थंडी असते, एक जाड स्वेटर हवाच.

दोन्ही देश एकाच फेरीत उरकायचा मोह होतो. मारातून सरळ सेरेंगेटीत शिरता येईल असं नकाशावर वाटतं, पण तो रस्ता पर्यटकांसाठी 1977 पासून बंद आहे. इसेबानिया किंवा नामांगाच्या सीमा नाक्यावरून वळसा घालावा लागतो आणि एक अख्खा दिवस गाडीत जातो. पूर्व आफ्रिकेचा संयुक्त पर्यटन व्हिसाही केनिया, युगांडा आणि रवांडापुरताच आहे, त्यात टांझानिया नाही. दहा दिवसांपेक्षा कमी वेळ असेल तर एकच देश निवडा.