अमिगा १२०० वर क्वेक : ०६० कार्ड की पायस्टॉर्म?
इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या कट्ट्यावर हा वाद कायमचा. १९९२ चा अमिगा १२०० हा घरगुती संगणक मुळात १४ मेगाहर्ट्‌झचा. क्वेक हा थ्रीडी गेम खेळायचा तर अ‍ॅक्सलरेटर, म्हणजे वेगवान प्रोसेसरचं जोडकार्ड, हवाच. ६८०६० (थोडक्यात ०६०) कार्डावर अस्सल मोटोरोला चिप, ५० मेगाहर्ट्‌झची. पण ती महाग, आणि एफपीयू (दशांश गणितं करणारा भाग) नसलेली एलसी आवृत्ती गळ्यात मारली गेली की क्वेक बसलाच! पायस्टॉर्म या दुसऱ्या कार्डात रास्पबेरी पाय हा छोटा संगणक मूळ प्रोसेसरची नक्कल करतो. वेग कितीतरी जास्त, खर्च कमी. मात्र चित्र अमिगाच्या मूळ चिप रॅममधूनच (चित्र-आवाजाच्या संथ मेमरीतून) दाखवलंत, तर त्या अरुंद वाटेत दोन्ही अडकतात. पायचा स्वतःचा एचडीएमआय वापरला की गेम सुसाट. ‘मग उरला काय अमिगा?’ असं ०६० वाले हिणवतात. हिणवू देत, माझं मत पायस्टॉर्मलाच. फक्त इंदूरच्या मे महिन्यात पायवर हीटसिंक लावा.