जिनिंगच्या रुईत टिकलेली जांभळी डिस्क

डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) पर्पल, 2 टीबी. धरणगाव तालुक्यातल्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, आठ कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्यात) ही हार्ड डिस्क आहे. वॉरंटीची 3 वर्षं उलटली, तरी अजून एकही सेक्टर (डिस्कवरचा साठवणीचा छोटा कप्पा) खराब नाही. डिस्क चांगली आहे, घ्यायला हरकत नाही. पण ती टिकली यातलं अर्धंच श्रेय तिचं. उरलेलं अर्धं ती कुठे ठेवली, कशावर चालवली आणि तिच्यावर किती लिहायला लावलं याचं आहे. म्हणून हा रिव्ह्यू थोडा लांबणार आहे.

आधी कॅमेरे बसवणाऱ्याने डीव्हीआरमध्ये साधी, कॉम्प्युटरची डिस्क टाकून दिली होती. हंगाम ऐन भरात असताना ती गेली. एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या वजनावरून वाद झाला, भरलेल्या गाडीचं वजन त्याला मान्य नव्हतं. आम्ही काट्यावरचा कॅमेरा उघडला, तर त्या दुपारचं रेकॉर्डिंगच नाही. वॉचमन काकांनी खिडकीतून डोकावून विचारलं, ‘भाऊ, काय व्हयनं?’ आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. शेतकऱ्याने वर्षभर राबून आणलेला माल असतो. त्याच्या वजनाचा पुरावा आपल्याकडे नसणं ही जिनिंगवाल्यासाठी फार वाईट गोष्ट आहे.

साध्या डिस्कचं दुखणं काय ते हिशेबाने बघा. एक कॅमेरा 1 एमबीपीएसने (सेकंदाला 1 मेगाबिट) दिवसरात्र रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला 10.8 जीबी लिहिले जातात. आमचे आठ कॅमेरे एच.264 वर (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) 4 एमबीपीएसला लावलेले होते, म्हणजे दिवसाला सुमारे 345 जीबी आणि वर्षाला 126 टीबी. सीगेटच्या बाराकुडासारख्या घरगुती डिस्कला कंपनी स्वतःच वर्षाला 55 टीबी आणि 2400 तास एवढाच भार सांगते. वर्षाचे तास होतात 8760. डीव्हीआर तर रात्रीही थांबत नाही. पर्पलला वर्षाला 180 टीबीचा भार आणि चोवीस तास चालणं हे धरूनच बनवलंय. सीगेटची स्कायहॉकही त्याच वर्गातली आहे. दोन्हींपैकी जी मिळेल ती घ्या.

आणखी एक फरक कमी लोकांना माहीत असतो. साध्या डिस्कला एखादी जागा वाचता-लिहिता आली नाही तर ती तिथेच अडून पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कॉम्प्युटरसाठी ते बरोबर आहे, कारण तिथे एकही अक्षर हरवून चालत नाही. डीव्हीआरमध्ये मात्र तेवढ्या वेळात मागून येणारं चित्र तुंबतं आणि डिस्क लटकली असं समजून डीव्हीआर रेकॉर्डिंग सोडून देतो. पर्पल अशा जागी फार रेंगाळत नाही, पुढे जाते. चित्रात एखादा ठिपका आला तरी चालेल, पूर्ण दुपार जायला नको.

आता जागेचं. डीव्हीआर ऑफिसच्या पत्र्याच्या केबिनमध्ये, छताला लागून, लाकडी पेटीत कुलूप लावून ठेवलेला होता. चोराच्या हाती लागू नये हा हेतू ठीक, पण मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या बंद पेटीत काय होत असेल? पर्पलची मर्यादा 65 अंशांची आहे. आमच्या डीव्हीआरच्या मेन्यूत डिस्कचं तापमान दुपारी साठीच्या जवळ दिसायचं. पेटी उघडून झाकण काढलं तेव्हा बाजूच्या हवेच्या जाळीवर रुईच्या तंतूंचा थर जमून नमदा झालेला, बोटाने ओढला तर अख्खा तुकडाच्या तुकडा निघाला. आत डिस्क चारऐवजी दोनच स्क्रूंवर होती आणि हाताने हलत होती. ज्या यंत्रात चकत्या मिनिटाला 5400 च्या आसपास फेरे घेतात, त्याला असं हलतं ठेवणं म्हणजे थेट आयुष्य कापणं.

आता डीव्हीआर पक्क्या भिंतीच्या खोलीत, कमरेच्या उंचीवर, लोखंडी जाळीच्या कपाटात आहे. चोर तो उचलू शकत नाही आणि हवा आरपार जाते. डिस्क चारही स्क्रूंवर आडवी घट्ट बसवली. हंगाम चालू असताना दर पंधरवड्याला डीव्हीआर बंद करून जाळी बाहेरून ब्रशने साफ होते. ब्लोअरची हवा थेट आत मारू नका, त्याने रुई आणखी आत जाते. आता मेच्या दुपारीही आकडा पन्नाशीच्या अलीकडे राहतो.

विजेबद्दल मात्र मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण डिस्क गेली की सगळे डिस्कला बोल लावतात आणि अडॅप्टरकडे कोणी बघत नाही. आमच्याकडे डीव्हीआर आणि काही कॅमेरे एकाच 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर होते. दिवसा सगळं ठीक. अंधार पडला, कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की भार वाढायचा, व्होल्टेज घसरायचं आणि डिस्क टक् करून थांबायची, पुन्हा फिरायला लागायची. कान लावला तर स्पष्ट ऐकू येत होतं. फिरायला सुरुवात करताना डिस्क सगळ्यात जास्त करंट ओढते, त्यामुळे अडॅप्टर आणखी दमतो. कॅमेऱ्यांना वेगळा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) दिला, डीव्हीआरला स्वतःचा दमदार अडॅप्टर दिला, ती टकटक त्याच रात्री बंद झाली.

दुसरं, लाइट जाणं. अचानक वीज गेली की डिस्कला उरलेल्या फेऱ्यांच्या जोरावर हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) घाईघाईने बाजूला न्यावं लागतं. असं रोज झालं तर झीज होते, शिवाय त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल तुटते. छोटा यूपीएस लावा. आणि कामगारांना सांगून ठेवा की डीव्हीआर बंद करायचा तर आधी मेन्यूतून शटडाउन, मग बटण.

लिहिण्याचा भारही कमी करता येतो. आम्ही एच.265 (व्हिडिओ आणखी लहान करणारी पुढची पद्धत) केलं, कॅमेऱ्याला 2 एमबीपीएस आणि सेकंदाला 12 फ्रेम ठेवल्या. काट्यावर उभ्या ट्रॅक्टरचा नंबर 12 फ्रेममध्येही स्वच्छ वाचता येतो. वर्षाचं लिखाण 63 टीबीवर आलं आणि 2 टीबीत सहा दिवसांऐवजी अकरा दिवस मावायला लागले. मोशन रेकॉर्डिंगचा (हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करण्याचा) सल्ला सगळेच देतात, पण जिनिंग हॉलमध्ये तो चालत नाही. उडणारी रुईच हालचाल म्हणून पकडली जाते. मोशन आम्ही फक्त सरकीच्या गोदामाला आणि मागच्या भिंतीला लावलं, काटा आणि गेट सतत चालू.

तक्रारीही आहेत. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, रेकॉर्डिंग नाही. महत्त्वाच्या वादाचं फुटेज त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर उतरवावं लागतं. आणि बाजारात वापरलेल्या डिस्का नव्या म्हणून खपवल्या जातात. आम्हाला जळगावातल्या एका दुकानातून आधी अशीच डिस्क मिळाली होती, स्टिकर नवंकोरं, पण मेन्यूतल्या स्मार्टच्या पानावर (डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते पान) चालू तास हजारांत. दुकानदाराने कुरकुर करत बदलून दिली. म्हणून डिस्क बसवल्या बसवल्या पॉवर-ऑन तास बघा आणि सीरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटी तपासा, बिल जपून ठेवा. पुढे महिन्यातून एकदा त्याच पानावर रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेले) आणि पेंडिंग (संशयित) सेक्टर बघत जा. शून्याचे आकडे वाढायला लागले की डिस्क मरायची वाट बघू नका.

साध्या डिस्कपेक्षा पैसे थोडे जास्त जातात, ते वसूल आहेत. मी पुन्हा घेईन तर 4 टीबी घेईन, कारण काही शेतकरी पट्टी (मालाच्या हिशेबाची पावती) घेऊन पंधरा दिवसांनीही वजनाबद्दल विचारायला येतात आणि त्यांना दाखवायला आपल्याकडे तेव्हाचं चित्र असायला हवं.