रंग खरवडला तर खाली जुनी पाटी निघाली

पाच एमएमचा सनबोर्ड दिवसभर पट्टी लावून कटरने कापणाऱ्या पोराची बोटं एकदा बघा, म्हणजे मी कापायच्या मशीनच्या मागे का लागलो ते वेगळं सांगावं लागणार नाही. आमचं दुकान नाशिकच्या अंबड भागात आहे. फ्लेक्स, व्हिनाइल, एसीपीचे (ॲल्युमिनियमच्या थरांच्या शीटचे) बोर्ड, कटआउट, नामफलक अशी सगळी कामं करतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानांवर मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली. प्रकरण मुंबईच्या व्यापाऱ्यांचं होतं, पण जागे झाले नाशिकचे दुकानदारही. त्या दिवाळीला आमच्याकडे फराळसुद्धा दुकानातच झाला. पुढे सिंहस्थ दिसत होता. म्हटलं, आता हाताने भागणार नाही.

लेझर का नाही घेतला, असं बरेच जण विचारतात. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी. त्याच्यावर लेझर मारला की हायड्रोजन क्लोराइडचा वायू निघतो. तो फुप्फुसं खातो आणि मशीनचे लोखंडी भागही खातो. लेझर ॲक्रिलिकला छान, पीव्हीसीला हात लावू नये. राउटरने, म्हणजे गरगर फिरणाऱ्या बिटने, सनबोर्ड कापता येतो, पण भुसा सगळीकडे उडतो. शिवाय तीन एमएमचा बिट आतला कोपरा टोकदार काढूच शकत नाही, दीड एमएमची गोलाई राहतेच. इंग्रजी अक्षरात ते खपून जातं. आपल्या ‘क्ष’ आणि ‘श्र’मधल्या बारीक फटी मात्र बुजल्यासारख्या दिसतात. म्हणून ऑसिलेटिंग नाइफ, म्हणजे वरखाली थरथरणारं पातं असलेला फ्लॅटबेड कटर घ्यायचा ठरला. ते पातं ॲक्रिलिक किंवा एसीपी कापत नाही, त्याला राउटर हेड वेगळं लागतं. सनबोर्ड, फोम, कोरुगेटेड पुठ्ठा, व्हिनाइलचं किस कट (वरचा थर कापायचा, खालचा कागद नाही) एवढं त्यावर झालं तरी आमची निम्मी मजुरी वाचत होती.

मुंबईच्या प्रदर्शनात झुंडचं स्विस मशीन पाहिलं. किंमत विचारायचं धाडस झालं नाही, माहितीपत्रक घेऊन परत आलो. मग मोबाइलवर व्हिडिओ बघत बसायची सवय लागली आणि त्यातूनच मशीन विकणारा तो माणूस भेटला. बोलायला गोड. “शेठ, तेच काम, दहाव्या हिश्शात,” म्हणाला. कोटेशन आलं साडेनऊ लाख अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ११ लाख २१ हजार. बेड अडीच मीटर बाय एक मीटर साठ, त्यामुळे आठ बाय चारची शीट आरामात बसणार. त्यात लिहिलं होतं: ‘सर्वो ड्राइव्ह’, ‘व्हॅक्यूम बेड’, ‘रजिस्ट्रेशन सिस्टीम’, ‘मल्टी टूल हेड’. मला चारही शब्द माहीत होते, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. एकाही शब्दापुढे कंपनी, मॉडेल किंवा किलोवॅट नव्हतं, हे आता दिसतं.

डेमो मुंबईच्या अलीकडे एका गोदामात झाला. आतेभाऊ बरोबर होता. मशीन खरंच देखणं होतं. बेडखालून हवा ओढणारा ब्लोअर सुरू केला की शीट बेडला अशी चिकटायची की हाताने सरकवून सरकली नाही. छापलेल्या शीटवरचे रजिस्ट्रेशन मार्क, म्हणजे कुठे कापायचं ते जुळवायच्या खुणा, कॅमेऱ्याने एकामागून एक टिपले आणि पात्याने चांदणी, फुलपाखरू, इंग्रजी अक्षरं भराभर कापली. मी पेनड्राइव्हमध्ये माझी फाइल नेली होती. त्यात एका स्वीट मार्टचं देवनागरी नाव होतं. तो म्हणाला, “शेठ, फाइल नंतर पाठवा, आमचा मुलगा सेट करून कापेल, तुम्हाला व्हिडिओ टाकतो.” मी पेनड्राइव्ह खिशात ठेवला. हा खिसा मला नंतर फार महाग पडला.

देवनागरी फाइल ही कटरची खरी परीक्षा असते. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकच तुकडा होतो, पाच-सहा फूट लांब. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर सुटं, त्यामुळे एखादा एमएम इकडेतिकडे झाला तर कुणाला कळत नाही. आपल्याकडे शिरोरेषा पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सरळ असावीच लागते. (आणि फाइल देताना अक्षरं वेल्ड करून, म्हणजे एकसंध जोडून द्या. नाहीतर रेषेवर जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढतात तिथेही पातं कापत जातं. ही मात्र मशीनची नाही, आपली चूक.)

चाळीस टक्के बयाणा दिला. उरलेले पैसे “गाडी भरायच्या आधी”. बायको म्हणाली, “अहो, बसवून झाल्यावर निदान दोन लाख द्यायचं ठरवा ना.” मी त्याला विचारलं, तर म्हणाला, ट्रान्सपोर्टवाला थांबत नाही, दुसरी पार्टी तयार आहे. मी दिले. बँकेचं खातं तिसऱ्याच नावाचं होतं. “ते आमचं ग्रुपचं अकाउंट,” एवढ्यावर मी ऐकून घेतलं.

मशीन आलं. हायड्रा क्रेन बोलावून उतरवलं. बसवायला एक मुलगा आला. त्याने एक चौकोन कापून दाखवला, वॉरंटीच्या कागदावर माझी सही घेतली आणि संध्याकाळच्या गाडीने गेला. त्याला जेवायला घालून स्टेशनवर सोडलं, तेही मीच.

दुसऱ्या दिवशी ब्लोअर सुरू केला तर शीटचा कोपरा वर. सनबोर्ड जरा वाकडा असला की व्हॅक्यूम त्याला खाली ओढू शकेना आणि हेड त्याला धडकायचं. ब्लोअरची प्लेट वाचली. तोंडी साडेसात किलोवॅट सांगितला होता, आला तो तीनचा. कॅमेरा नव्हताच, एक लाल लेझरचा ठिपका होता. तो हाताने दोन मार्कांवर आणायचा, म्हणजे झाली ‘रजिस्ट्रेशन सिस्टीम’. प्रिंट थोडी ताणली गेली किंवा तिरकी असली, तर कॅमेरा सगळे मार्क वाचून कापायची रेघ तशी वळवतो. ठिपका काय वळवणार? आमची कट एका टोकाला बरोबर यायची आणि आठ फुटांवर चार एमएम बाहेर. मल्टी टूल हेडला तीन खोबण्या होत्या, टूल एक. बाकीची दोन “ऑप्शनल”. मोटरवरचं झाकण काढलं तर आत आपली जागा सतत तपासणारी सर्वो नव्हे, साधी स्वस्त स्टेपर मोटर.

तेव्हा एका ओळखीच्या टूलरूमवाल्याला बोलावलं. सातपूरला त्याचं काम आहे, मोजमापात त्याचा हात धरणारा नाही. त्याने मशीनवर २४०० बाय १२००चा आयत कापायला लावला आणि टेपने दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही २६८३ यायला हवेत. एक आला २६८०, दुसरा २६८७. म्हणाला, “नुसतं तिरकं असेल तर सरळ करून देतो. पुन्हा काप.” पुन्हा कापला तर फरक सातचा चार झाला. दर वेळी वेगळा. म्हणजे गाइड आणि पट्टा झिजलेला. नव्या मशीनला असं होत नाही, असं म्हणून त्याने टॉर्च घेतला आणि गँट्रीच्या, म्हणजे हेड ज्यावर सरकतं त्या आडव्या दांड्याच्या खालून हात फिरवला. दोन भोकं पुट्टीने बुजवलेली होती. शेजारी रंगाचा थर जाड लागला म्हणून नाण्याने खरवडला. खाली ॲल्युमिनियमची जुनी पाटी होती, तिच्यावर चिनी अक्षरं आणि २०१७.

चिनी म्हणजे टाकाऊ, असं माझं म्हणणं अजिबात नाही. नीट चालणारी चिनी मशीनं लोक वर्षानुवर्षं वापरतात. जुनंही घ्यायला हरकत नाही, जुन्याचे पैसे देऊन.

विक्रेत्याला फोन केला. पहिल्या आठवड्यात “इंजिनिअर निघालाय”. दुसऱ्यात “मटेरियल तुमचं खराब”. मग “शेठ, साडेनऊ लाखात कॅमेरा कुठे येतो?” मग फोन बंद.

खरं हसं माझं झालं ते सीएकडे. त्याने बिल हातात घेतलं आणि बसल्या जागी तीन गोष्टी सांगितल्या. बिलावर ‘डिजिटल कटिंग मशीन, १ नग’ एवढंच आहे. मॉडेल नाही, सीरियल नंबर नाही, नवं की जुनं तेही नाही. दुसरं, लेटरहेडवर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आहे, पण जीएसटी नंबर तसं म्हणत नाही. त्या नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर कंपनीला ‘सी’ असतं, भागीदारीला ‘एफ’, एकट्या माणसाला ‘पी’. इथे ‘पी’ होता. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि रिटर्न भरलेत का ते दिसतं. पंधरा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्याची नोंदणी अकरा महिन्यांपूर्वीची निघाली. तिसरं, त्याने रिटर्न भरलंच नव्हतं, म्हणून आमच्या जीएसटीच्या टू-बी विवरणात बिल आलं नाही आणि १ लाख ७१ हजारांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट लटकली. पुढे त्याची नोंदणीही रद्द झाली. ही सगळी पाहणी पाच मिनिटांची होती. चांदणी कापलेली बघण्यात मी दोन तास घालवले होते.

पोलिसांकडे अर्ज दिला. “मशीन तर मिळालंय ना, मग हा दिवाणी मामला,” असं तोंडावर ऐकून घेतलं, पण पोच घेतल्याशिवाय हललो नाही. जुन्याला नवं म्हणून विकणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, हे वकिलाने लिहून दिलं. ग्राहक आयोगातही गेलो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार आपण राहतो तिथे करता येते, विक्रेत्याच्या गावी हेलपाटे नाहीत. पण एक अडचण आहे. धंद्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर तुम्ही ग्राहक धरले जात नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतली असेल तर अपवाद आहे. माझ्याकडे दोन पोरं कामाला आहेत, तेव्हा त्यावर वाद होणार, हे वकिलाने आधीच सांगून ठेवलंय. कोटेशन, व्हॉट्सॲपचे निरोप, डेमोचा व्हिडिओ, पुट्टीच्या भोकांचे फोटो, सगळं जोडलंय. वॉरंटीवरची माझी सही समोरचा दाखवणार, तेही ठाऊक आहे.

मशीन पडून नाही. कंपन्यांच्या पॅकिंगसाठी फोमचे कप्पे त्यावर कापतो. तिथे चार एमएमचं कुणाला काही वाटत नाही. मराठी पाट्यांचा सनबोर्ड पुन्हा पोरांच्या हाती गेलाय.

परवा दुसऱ्या एका विक्रेत्याकडे गेलो होतो. या वेळी गाडीत माझी स्वतःची छापलेली शीट नेली, मुद्दाम जरा वाकडी असलेली, आणि तोच स्वीट मार्टचा पेनड्राइव्ह. म्हटलं, आधी आयत कापा, मी कर्ण मोजतो. मग हे नाव कापा. सर्वोच्या आणि ब्लोअरच्या प्लेटचे फोटो काढू द्या, सीरियल नंबर कोटेशनवर टाका, आणि शेवटचे तीस टक्के माझ्या दुकानात माझी फाइल कापल्यावर. त्याने आयत कापून दिला, कर्णात अर्ध्या एमएमचाही फरक नव्हता. तीस टक्क्यांवर मात्र घासाघीस चालू आहे. तो वीस म्हणतोय.

कुणाला बघायचं असेल तर दुकानात या. गँट्रीवरचा खरवडलेला रंग मी पुन्हा लावलेला नाही.