एसी बसवायला कंपनीचा माणूस की ओळखीचा मेकॅनिक?

दुकानात एसी घेताना आपण स्टार, टन आणि ऑफर यांवर तासभर घासाघीस करतो. बसवायचं काम मात्र "उद्या माणूस येईल" एवढ्या एका वाक्यावर सोडून देतो. खरं तर स्प्लिट एसी दुकानातून निघतो तेव्हा तो अर्धाच तयार असतो. इनडोअर वेगळं, आउटडोअर वेगळं. दोन्ही तांब्याच्या नळ्यांनी जोडायची, नळ्यांतली हवा आणि ओल काढायची, मग गॅस सोडायचा, तेव्हा कुठे ते यंत्र पुरं होतं. कारखान्यातलं हे उरलेलं काम आपल्या बेडरूममध्ये आणि खिडकीबाहेरच्या ब्रॅकेटवर होतं, आणि एसी दहा वर्षं टिकणार की तिसऱ्याच वर्षी रडवणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

निर्णय दोन आहेत: बसवायचा कोणी, आणि नंतर सांभाळायचा कोणी. माझं उत्तर दोन्हींना वेगवेगळं आहे. नवा एसी कंपनीच्या माणसाकडून बसवून घ्यावा; वॉरंटीचं पहिलं वर्ष सरलं की देखभाल चांगल्या, जवळच्या मेकॅनिककडे द्यावी. फक्त दोघांकडूनही काम करून घेताना काय पाहायचं ते ठाऊक हवं. ते ठाऊक नसेल तर कोणालाही बोलावलं तरी फार फरक पडत नाही.

बसवताना

'कंपनीचा माणूस' म्हणून जो येतो तो बहुतेक वेळा कंपनीच्या पगारावर नसतो. शहरातल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचा किंवा त्यांच्याही हाताखालच्या ठेकेदाराचा तो माणूस असतो, आणि त्याला नगावर पैसे मिळतात. तरीही त्याला बोलावण्याचा ठोस फायदा आहे. जोडणीची नोंद यंत्राच्या सीरियल नंबरावर होते. पुढे सहा महिन्यांनी जोडावरून गॅस गळाला, तर "बसवणाऱ्याने चूक केली, आमचा संबंध नाही" असं कोणी म्हणू शकत नाही, कारण बसवणारा त्यांचाच. बऱ्याच वॉरंटी कार्डांवर अनधिकृत व्यक्तीने यंत्र उघडल्यास हमी रद्द अशी ओळ असते, तिचाही वाद उरत नाही.

ओळखीच्या मेकॅनिकचे फायदेही खरे आहेत. तो आपल्या सोयीच्या वेळी येतो. भिंतीतून लपवून न्यायची पाइपलाइन, जुन्या इमारतीतली अडचणीची खिडकी, फॉल्स सीलिंगच्या आतलं काम यांत तो मनापासून डोकं घालतो. कंपनीचा माणूस ठरलेली साधी जोडणी करतो. तीन मीटरपुढचा पाइप, स्टँड, भिंतीला भोक पाडणं यांचे पैसे वेगळे लावतो आणि फोडाफोडी असेल तर हात वर करतो. साध्या जोडणीचे साधारण १५०० ते २००० रुपये ऐकून आपण निश्चिंत होतो आणि हातात पडणारं बिल त्याच्या दुप्पट-तिप्पट असतं. म्हणून दुकानातच जादा पाइपचा मीटरमागे दर आणि स्टँडची किंमत लिहून घ्या.

मग तरी मी जोडणीसाठी कंपनीकडे का झुकतो? कारण व्हॅक्यूम, म्हणजे नळ्यांतली हवा आणि ओल पंपाने ओढून काढणं.

आर-२२ गॅसच्या जमान्यात बहुतेक मेकॅनिक नळ्यांतली हवा काढायला एक सोपी युक्ती करत. आउटडोअरची व्हॉल्व्ह किंचित उघडायची, आत आलेल्या गॅसने हवा दुसऱ्या टोकाने ढकलून द्यायची आणि नट आवळायचा. दोन मिनिटांचं काम. कित्येकांचा हात आजही त्याच सवयीने चालतो. आताच्या आर-३२ आणि आर-४१०ए गॅसवर चालणाऱ्या यंत्रांमधलं सिंथेटिक तेल मात्र हवेतला ओलावा झपाट्याने शोषतं. ओल आणि तेल यांतून आत आम्ल तयार होतं आणि ते हळूहळू कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगला खातं. एसी पहिल्या दिवशी छान थंड होतो, दुसऱ्या वर्षीही होतो, आणि बिघाड येतो तेव्हा त्या दोन मिनिटांची आठवण कोणालाच नसते. शिवाय दीड टनाच्या एसीत गॅस असतो जेमतेम किलोभर किंवा त्याहूनही कमी. त्यातला थोडा असा उडवून दिला तरी यंत्राला तो कमी पडतो.

योग्य पद्धत अशी: दाब दाखवणारा गेज जोडून व्हॅक्यूम पंप किमान १५ ते २० मिनिटं चालवायचा, पंप बंद करून व्हॉल्व्ह मिटायची आणि थोडा वेळ काटा पाहायचा. काटा जागचा हलला नाही तरच गॅस सोडायचा. काटा वर चढू लागला तर जोड गळतोय किंवा आत अजून ओल आहे. कंपनीच्या माणसाकडे पंप असण्याची शक्यता जास्त, एवढंच माझं म्हणणं आहे. तो पंप बॅगेतून बाहेर निघेलच असं नाही. एप्रिल-मेमध्ये त्याला दिवसाला इतकी घरं उरकायची असतात की पहिली काट मारली जाते ती याच वीस मिनिटांवर. म्हणून तो आल्या आल्या, भिंतीला ड्रिल लागण्यापूर्वी, सरळ विचारा: "दादा, व्हॅक्यूम पंप आणलाय ना?" नसेल तर पंप घेऊन परत यायला सांगा. यात भीड बाळगू नका. आणि तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडे पंप, गेज आणि गॅस मोजायचा वजनकाटा असेल, आयटीआयचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशनचा कोर्स केलेला असेल, तर माझा कल त्याच्याकडेही जाईल.

पंपानंतर नजर ठेवावी ती नळीच्या टोकाला केलेल्या फ्लेअरवर, म्हणजे नट बसण्यासाठी पसरवलेल्या तोंडावर. नळी कटरने कापलेली हवी, करवतीने नाही. कडेची कच साफ केलेली हवी. नट टॉर्क पान्याने आवळलेला हवा. गळतीचे निम्मे झगडे या नटांपाशी सुरू होतात. नळी तांब्याचीच घ्या, जाडी ०.८ मिलिमीटरहून कमी नको. दोन सूत आणि चार सूत असं नुसतं व्यासाचं माप तोंडी सांगून काही जण पातळ नळी खपवतात. आर-३२ आणि आर-४१०ए यांचा दाब जुन्या आर-२२ पेक्षा सुमारे दीडपट असतो, पातळ नळीला तो झेपत नाही. काम झाल्यावर जोडांवर साबणाचं पाणी लावून दाखवायला सांगा.

ड्रेन पाइपला सलग उतार द्या. वायरिंग दोघांपैकी कोणीच करत नाही. डीबीपासून, म्हणजे घरातल्या मुख्य स्विच-बोर्डापासून, स्वतंत्र लाइन, १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी आणि खात्रीचं अर्थिंग हे इलेक्ट्रिशियनकडून आधीच करून ठेवा.

आउटडोअर कुठे बसतो, यावर मात्र थोडं थांबायला हवं. तो खोलीतली उष्णता बाहेर फेकतो, आणि फेकलेली गरम हवा त्याला पुन्हा आत ओढावी लागली तर तो दमतो. नव्या इमारतींतल्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक आउटडोअर बसवलेले असतात, तिथे वरच्या मजल्यांचे एसी मेमध्ये हमखास कुरकुरतात. एसीची क्षमता बाहेरचं तापमान ३५ अंश धरून मोजलेली असते. नागपूर, अकोला, चंद्रपूरला मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. तिथे पश्चिमेच्या भिंतीवर आउटडोअर लावणं म्हणजे घेतलेल्या टनांचा काही भाग उन्हाला देऊन टाकणं. विदर्भात ४८ किंवा ५२ अंशांनाही चालणारं मॉडेल घ्या आणि आउटडोअर उत्तरेला किंवा सावलीत बसवा. मुंबई, रत्नागिरी, मालवण, पणजी या पट्ट्यात शत्रू वेगळा आहे. खारी हवा पत्र्याला आणि अॅल्युमिनियमच्या जाळीला खाते, तर नाल्या-गटारांतून येणारा गंधकयुक्त वायू तांब्याच्या कॉइलला बारीक छिद्रं पाडतो. तिथे थेट समुद्राकडे किंवा नाल्याकडे तोंड नको, आणि जाळीवर गंजरोधक लेप असलेलं मॉडेल हवं. या बाबतीत गावातला मेकॅनिक अधिक जाणतो. कुठल्या बाजूचे एसी दोन वर्षांत गळतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. जागा त्याला विचारून ठरवावी, जोडणी कंपनीने करावी.

एक गोष्ट पैशाच्या हिशोबाबाहेरची. चौथ्या-सातव्या मजल्यावर खिडकीबाहेरच्या छज्जावर उभं राहून, एका हाताने ग्रिल धरून आउटडोअर बसवणारी पोरं आपण रोज पाहतो. कंपनीचा माणूस बाहेर उतरायला नकार देतो आणि आपण वैतागून दुसऱ्याला बोलावतो, तो "करतो की साहेब" म्हणून उतरतो. त्याच्या कमरेला बेल्ट नसेल आणि बेल्टची दोरी भक्कम जागी अडकवलेली नसेल, तर काम थांबवा. सोसायटीने दोन चांगले सेफ्टी हार्नेस विकत घेऊन ऑफिसात ठेवले तर खर्च फार नाही. एसी दोन दिवस उशिरा लागला तर कोणाचं काही बिघडत नाही.

सांभाळताना

इथे पर्याय तीन: कंपनीचा वार्षिक करार म्हणजे एएमसी, मोबाइल अॅपवरून बोलावलेला माणूस, आणि आपला मेकॅनिक.

एएमसीत दोन प्रकार असतात आणि विकणारा बहुधा एकाचंच वर्णन करून दुसरा विकतो. एकात फक्त ठरावीक सर्व्हिसिंग आणि मजुरी. दुसऱ्यात गॅस, पीसीबी म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, आणि कॉम्प्रेसरसकट सगळं. पहिल्या प्रकाराला पैसे घालू नयेत, तेवढ्यात जवळचा मेकॅनिक मन लावून काम करतो. दुसरा इन्व्हर्टर एसीला विचार करण्याजोगा आहे, कारण त्याचा पीसीबी महाग असतो, आणि विजेच्या दाबाच्या चढउताराने किंवा आत शिरलेल्या एका पालीनेही तो जळू शकतो. पण नेमकी हीच कारणं करारातून वगळलेली नाहीत ना, ते वाचून घ्या. पहिलं वर्ष वॉरंटीत असतंच, त्या वर्षासाठी एएमसी घेऊ नका. आणि 'दहा वर्षं कॉम्प्रेसर वॉरंटी' यात कॉम्प्रेसर मिळतो. गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचे पैसे बहुधा आपलेच.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांनी एएमसीचा विचार सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. सर्व्हिस सेंटर जिल्ह्याला, माणूस 'त्या बाजूचे कॉल जमले की' येणार, आणि तोवर घरातली म्हातारी माणसं उकाड्यात.

अॅपवाल्यांचा दर आधी कळतो, हे चांगलं. पण दर वेळी नवा माणूस येतो. त्याला तुमच्या यंत्राचा इतिहास ठाऊक नसतो, आणि जादा काम काढलं तर त्याचा फायदा होतो. वरवरच्या धुलाईला ठीक, निदानाला नाही.

या तिघांतला खरा-खोटा ओळखायचा असेल तर गॅसचा विषय निघू द्या.

"काका, गॅस कमी झालाय, दर वर्षी थोडा भरावा लागतोच."

असं म्हणणाऱ्याला चहा द्या आणि निरोप द्या. एसीतला गॅस बंद चक्रात फिरतो, तो वापरून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. चांगला मेकॅनिक आधी गळती शोधतो: नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाच्या पाण्याने, कॉइल उतरवून. मग जोड दुरुस्त करतो, पुन्हा व्हॅक्यूम करतो आणि यंत्राच्या पट्टीवर लिहिलेल्या ग्रॅमांनुसार काट्यावर तोलून गॅस भरतो. हे काम दोन-तीन तासांचं आहे आणि त्याचे अडीच-तीन हजार रुपये योग्य आहेत. गळती न शोधता भरलेल्या गॅसचे हजार रुपयेही वाया जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा दारात असतो.

यंत्र जुनं, आर-२२ वर चालणारं असेल आणि कॉइल गळत असेल, तर त्यावर खर्च करू नये. ओझोनला घातक म्हणून हा गॅस जगभर मागे घेतला जातोय, भारतात २०२५ पासून नव्या यंत्रांसाठी तो बंद झाला आहे आणि २०३० पर्यंत जवळजवळ पूर्ण थांबायचा आहे. उलट, काही नव्या एसींत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो. तो चटकन पेटतो. त्याला फक्त कंपनीच्या प्रशिक्षित माणसाने हात लावावा. तिथे ओळखीचा मेकॅनिक कितीही हुशार असो, नको. आर-३२ सुद्धा सौम्य ज्वलनशील आहे, म्हणून वेल्डिंगपूर्वी गॅस पूर्ण काढलेला हवा आणि खिडक्या उघड्या हव्यात.

साध्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक साधारण ५०० ते ७०० रुपये घेतो. त्यात पीसीबी झाकून जेट पंपाने कॉइल, ब्लोअर आणि ड्रेन ट्रे धुणं, आउटडोअरची जाळी धुणं, आणि शेवटी क्लॅम्प मीटरने अँपिअर, म्हणजे यंत्र किती करंट ओढतंय ते, पाहणं इतकं तरी यायला हवं. ब्लोअर न धुता निघालेला माणूस अर्धं काम करून निघाला. जाळी चकचकीत करायला अॅसिड वापरू देऊ नका, गंजरोधक लेप त्यानेच जातो. फिल्टर मात्र दर पंधरा दिवसांनी घरीच नळाखाली धुवा. त्यासाठी कोणाला पैसे द्यायची गरज नाही. सर्व्हिसिंग फेब्रुवारीत करून घ्या, मेकॅनिकला तेव्हा वेळ असतो. किनारपट्टीवर पावसाळा संपल्यावर आणखी एकदा.

घर बदलताना

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी येतो. वॉरंटी चालू असेल तर उतरवणं आणि बसवणं दोन्ही कंपनीकडून. नसेल तर आपला मेकॅनिक, पण उतरवण्याआधी त्याने पंप-डाउन करायला हवा, म्हणजे एसी चालू ठेवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये कोंडायचा. गॅस कोंडला की कॉम्प्रेसर लगेच बंद करायचा आणि मगच नळ्या सोडायच्या. चालत्या कॉम्प्रेसरवर नळी सोडली तर आत हवा शिरते आणि दाबाखाली तेलाचा भडका उडून आउटडोअर फुटू शकतो. नळ्यांची तोंडं आणि आउटडोअरच्या व्हॉल्व्ह टोप्या लावून बंद करायच्या. नव्या घरी जुनी नळी वापरायची असेल तर टोकं कापून फ्लेअर नवी करा. वळणावर दबलेली नळी टाकून नवी घ्या. आणि तिथेही व्हॅक्यूम पूर्ण वीस मिनिटं.