चालवायची तर जुनी, जपायची तर नवी : अमेरिकन मसल कार घेण्याआधी

१९६९ची मसल कार, म्हणजे मोठ्या व्ही-८ इंजिनाची ताकदवान अमेरिकन गाडी, घ्यावी की गेल्या दहा-पंधरा वर्षांतली, हा प्रश्न बरेच जण ताकदीच्या आकड्यांवर सोडवायला जातात. तसा तो लगेच सुटतो. १९६९च्या फोर्ड मस्टँगमधलं ४२८ कोब्रा जेट इंजिन (४२८ हे घन इंचांतलं आकारमान) कागदावर ३३५ अश्वशक्तीचं, तर २०१८ची साधी मस्टँग जीटी ४६० अश्वशक्तीची. ब्रेक, वळणावरची पकड, थंडीत पहिल्या झटक्यात सुरू होणं, या सगळ्यात नवी गाडी पुढे आहे. शिवाय १९७२च्या आधी अमेरिकेत ताकद मोजत ती इंजिन गाडीबाहेर स्टँडवर ठेवून, मोकळ्या एक्झॉस्टवर. त्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची थेट तुलना करताच येत नाही.

संग्राहकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे : आपला पैसा नेमका कशात अडकणार? जुन्या गाडीची किंमत तिच्या ओळखीत असते, म्हणजे ती जे म्हणवते ते खरोखर आहे का यात. नव्या गाडीची किंमत ती किती कमी वापरली गेली यात असते. १९६९ची शेव्हर्ले कॅमारो वर्षाला ५०० मैल फिरवली तर तिच्या किमतीला धक्का लागत नाही, उलट सील आणि कार्बोरेटर सुकत नाहीत. २०१८ची डॉज डीमन मात्र ४० मैलांवरून ४,००० मैलांवर गेली की ती लिलावात वेगळ्याच रांगेत बसते. म्हणून ज्याला गाडी चालवायची आहे त्याने जुनी घ्यावी आणि ज्याला जपून ठेवायची आहे त्याने नवी, असा आमचा सल्ला आहे. सर्वसाधारण समज याच्या नेमका उलट असतो.

जुनी : आधी कागद, मग पत्रा

ओळख पटवण्याची सोय प्रत्येक कंपनीत वेगळी आहे, आणि कोणती गाडी घ्यायची हे पुष्कळदा त्यावरच ठरायला हवं.

फोर्ड सगळ्यात सोपी. १९६५ ते ७०च्या मस्टँगच्या व्हिन नंबरातलं, म्हणजे कारखान्यात गाडीला दिलेल्या ओळख क्रमांकातलं, पाचवं अक्षर इंजिन सांगतं. १९६५मध्ये 'सी' म्हणजे दोन बॅरल कार्बोरेटरचं २८९, 'ए' म्हणजे चार बॅरलचं २२५ अश्वशक्तीचं, 'के' म्हणजे २७१ अश्वशक्तीचं. १९६९मध्ये 'आर' असेल तर रॅम एअरवालं, म्हणजे बॉनेटमधून थेट बाहेरची हवा घेणारं, ४२८ कोब्रा जेट. दुसरं अक्षर कारखान्याचं : 'एफ' डिअरबॉर्न, 'आर' सॅन होजे, 'टी' मेटाचन. हा मेटाचनचा कारखाना न्यू जर्सीतल्या एडिसन गावात होता. आज त्या परिसरात मराठी कुटुंबांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे 'टी'वाली मस्टँग घेण्यात तिथल्या लोकांना वेगळा आनंद मिळेल. १९६७पासूनच्या फोर्ड गाड्यांचा मूळ उत्पादन-तपशील 'मार्टी रिपोर्ट' म्हणून विकत मिळतो. रंग, गिअरबॉक्स, मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर, सगळं त्यात असतं. हा अहवाल हातात आल्याशिवाय इसार देऊ नका.

१९७०च्या डॉज आणि प्लिमथमध्येही पाचवं अक्षर इंजिनाचं : 'आर' ४२६ हेमी, 'व्ही' तीन कार्बोरेटरचं ४४०, 'यू' चार बॅरलचं ४४०. शिवाय इंजिनखान्यात चालकाच्या बाजूच्या फेंडरच्या आत पत्र्याची छोटी पट्टी असते. तिच्यावर मूळ सामानाचे कोड असतात. पट्ट्या नव्याने बनवून मिळतात, म्हणून केवळ पट्टी हा पुरावा नाही. पाँटिॲकच्या कारखान्याच्या नोंदी 'पीएचएस' (पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून मिळतात. पाँटिॲकची जीटीओ घेणाऱ्याला याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही.

खरी गोची शेव्हर्लेची. १९६९च्या कॅमारोचा व्हिन नंबर १२४ने सुरू झाला की गाडी व्ही-८ आहे एवढंच कळतं. ती साधी ३०७ होती की एसएस किंवा झेड/२८ या ताकदवान आवृत्त्यांपैकी होती, हे व्हिन सांगत नाही. झेड/२८ त्या वर्षी २०,३०२ बनल्या. बॅज, पट्टे आणि ३०२चं इंजिन टाकून बनवलेल्या नकला किती, याची मोजदाद नाही. त्यामुळे इथे पुरावे जोडत जावे लागतात. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढ्यात ब्लॉकवर एक सपाट पट्टा असतो. त्यावर इंजिनाचा कोड, म्हणजे झेड/२८ला 'डीझेड', आणि गाडीच्या व्हिनचा शेवटचा भाग कोरलेला असतो. त्या पट्ट्यावर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा दिसल्या पाहिजेत. पट्टा आरशासारखा गुळगुळीत असेल तर तो कधीतरी घासला गेला आहे आणि आकडे नंतर ठोकलेले असू शकतात. ब्लॉकवरची ओतकामाची तारीख गाडी बनण्याच्या आधीची हवी. नंतरची असेल तर वाद संपला, इंजिन मूळचं नाही. मूळ बिल्डशीट, म्हणजे कारखान्यातला जोडणीचा कागद, काही वेळा पेट्रोलच्या टाकीच्या वर अडकलेली सापडते, ती असेल तर उत्तमच. काहीच कागद नसेल तर नकलेचा भाव द्या, विक्रेता काहीही सांगो.

आता पत्रा. इंजिन कुठलंही बांधून मिळतं. गंज मात्र घर खाली करतो. सोबत चुंबक आणि रंगाची जाडी मोजणारं मीटर ठेवा. चुंबक जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे.

मस्टँगचा सगळ्यात महागडा गंज दिसतच नाही. समोरच्या काचेखाली हवा आत घेणारा जो काउल असतो, त्याच्या आत पाणी साठून पत्रा कुजतो. काचेखालच्या जाळीतून बादलीभर पाणी सावकाश ओता आणि डॅशबोर्डखाली टॉर्च मारून बघा. गालिचा ओला झाला तर फेंडर उतरवून, असंख्य स्पॉट वेल्ड ड्रिलने काढून काउल उघडावा लागेल. मग टॉर्क बॉक्स (तळाला मजबुती देणारे पत्र्याचे खोके), पुढच्या सस्पेन्शनच्या शॉक टॉवरला गेलेल्या भेगा आणि बॅटरीखालचा पत्रा बघा. कॅमारोत मागच्या काचेचे खालचे कोपरे आधी तपासा. तिथून पाणी थेट डिकीत उतरतं. डॉज चार्जर आणि प्लिमथ रोडरनरमध्ये टॉर्शन बारचा (पुढच्या सस्पेन्शनच्या पिळदार दांड्यांचा) आडवा मेंबर आणि मागच्या फ्रेम रेल पाहा. छतावर व्हिनाइल असेल तर त्याखाली फुगवटे आहेत का ते हाताने चाचपून बघा.

सुट्या भागांत मस्टँग आणि कॅमारोला तोड नाही, अख्ख्या नव्या बॉडीसुद्धा बनतात. डॉज-प्लिमथचे भाग मिळतात, पण कमी आणि महाग.

चालवण्यासाठी चार गोष्टींची तयारी हवी. या इंजिनांचे कॅमशाफ्ट सपाट टॅपेटचे. आजच्या सामान्य ऑइलमध्ये जस्त-फॉस्फरस कमी असल्याने कॅमचे उंचवटे झिजून सपाट होतात, म्हणून १,००० ते १,२०० पीपीएम जस्त असलेलं ऑइल घ्या. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबरी नळ्या कुजवतं आणि गळती गरम इंजिनावर झाली तर आग लागते, त्यामुळे सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाच्या बसवा. ११:१ कॉम्प्रेशनचं इंजिन ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर ठोकू लागलं तर ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्यावं लागतं. डॉज-प्लिमथमध्ये गाडीचा सगळा करंट डॅशमधल्या ॲम्पिअर मीटरमधून आणि फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरच्या) कनेक्टरमधून जातो. तो कनेक्टर वितळलेला आहे का हे गाडी घेण्याआधीच उघडून पाहा.

नवी : मैल, चाव्या आणि खोके

नव्या गाड्यांत ओळखीचा घोळ नाही, पण दुर्मीळपणाचा भ्रम आहे. डीमन २०१८मध्ये ३,३०० बनल्या, ३,००० अमेरिकेसाठी आणि ३०० कॅनडासाठी. आकडा लहान वाटतो. पण १९७१च्या प्लिमथ हेमी कुडा कन्व्हर्टिबल ११ बनल्या, आणि त्या काळच्या गाड्या तरुण पोरांनी पिळल्या, ठोकल्या, भंगारात घातल्या. डीमन पहिल्या दिवसापासून कपड्याखाली उभ्या आहेत. पन्नास वर्षांनीही त्यातल्या बहुतेक शिल्लक असतील. डॉजचीच, सुरुवातीला ७०७ अश्वशक्तीची साधी हेलकॅट २०१५पासून २०२३च्या शेवटापर्यंत बनत राहिली. ती थरारक आहे, दुर्मीळ नाही.

डीमन घेताना सोबत मिळणारं 'डीमन क्रेट', म्हणजे सुट्या भागांची आणि हत्यारांची पेटी, पूर्ण आहे का बघा. त्यातल्या कंट्रोलरमुळेच १०० ऑक्टेनवर ८०८ची ८४० अश्वशक्ती होते. क्रेट हरवलेली गाडी अर्धवट संग्रह ठरते. हेलकॅटच्या लाल (पूर्ण ताकदीची) आणि काळी (मर्यादित ताकदीची) अशा दोन्ही चाव्या मागा. चोरीचा धोका खरा आहे : चोर नवी चावी प्रोग्रॅम करून गाडी पळवतात. डॉजने २०१५ ते २१च्या गाड्यांना पिन नसेल तर इंजिन तीनेक अश्वशक्तीवर रोखणारं सॉफ्टवेअर दिलं. ते टाकलेलं आहे याची डीलरकडून खात्री करा. ५.७ आणि ६.४ हेमीत लिफ्टरचा रोलर अडकून कॅम खरवडला जाण्याचा आजार आहे. गरम झाल्यावरही राहणारी टिकटिक हे त्याचं लक्षण.

आमची पसंती मात्र सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) नसलेल्या गाड्यांना आहे. शेल्बी जीटी३५०चं ५.२ लिटर फ्लॅट-प्लेन इंजिन ८,२५० आरपीएमपर्यंत फिरतं, ५२६ अश्वशक्ती देतं आणि फक्त मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत येतं. ते ऑइल पितं, त्यामुळे दर टाकीला डिपस्टिक बघणं भाग आहे. २०१६च्या ट्रॅक पॅकेज नसलेल्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे कूलर नव्हते, २०१७पासून ते सगळ्यांना आले. म्हणून २०१७ किंवा नंतरची घ्या. २०१४-१५ची कॅमारो झेड/२८ ही ७ लिटरच्या एलएस७ इंजिनाची, ५०५ अश्वशक्तीची. एलएस७चे व्हॉल्व्ह गाइड झिजतात, हेड उघडून मोजमाप केल्याचा कागद असेल तर जास्त पैसे द्यायला हरकत नाही. बजेट आखूड असेल तर २०१२-१३ची मस्टँग बॉस ३०२ बघा, ४४४ अश्वशक्तीची.

उभी ठेवायची तर बॅटरी मेंटेनर कायम जोडलेला हवा, कारण या गाड्यांचे कॉम्प्युटर बंद असतानाही करंट खातात. टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर टाका. मूळ टायर, मूळ एक्झॉस्ट, खिडकीवरचा किमतीचा कागद, काहीही फेकू नका. सुपरचार्जरची पुली बदललेली, ट्यून केलेली गाडी संग्रहासाठी नकोच. कॅलिफोर्नियात तर ती स्मॉग, म्हणजे धुराच्या, तपासणीतही अडकू शकते. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना तिथे ही तपासणी नाही.

भारतात घ्यायची असेल तर

पुण्या-मुंबईत निवड फार थोडी आहे. २०१६पासून काही वर्षं फोर्डने ५ लिटर व्ही-८ मस्टँग जीटी उजव्या स्टिअरिंगसह अधिकृतपणे विकली, फक्त ऑटोमॅटिक, सुमारे ४०० अश्वशक्तीची. तीच सर्वांत सरळ वाट. ५० वर्षांवरच्या गाडीची 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी होते, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

विमा

जुनी असो वा नवी, ठरीव किमतीचा, म्हणजे गाडीची किंमत कंपनीशी आधीच ठरवून घेतलेला, विमा घ्या. साध्या पॉलिसीत कंपनी घसारा काढते आणि मूळ इंजिनाची १९६९ची मस्टँग जळाली तर जुन्या गाडीचे पैसे हातावर ठेवते. ठरीव किमतीच्या पॉलिसीत वर्षाचे मैल मर्यादित असतात आणि बंद गॅरेज लागतं. किमतीचा अहवाल आणि फोटो दर दोन-तीन वर्षांनी नवे करून कंपनीला पाठवा, नाहीतर ठरीव किंमत बाजाराच्या मागे पडते.