प्यू रिसर्चचा भारतीय धर्मांवरचा अहवाल: फुकट, पण पचायला जड

समोरासमोर बसून, 17 भाषांत, 29,999 जणांना देवाधर्माबद्दल विचारलंय. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेचा 2021चा हा अहवाल तिच्या साइटवर फुकट मिळतो. मी नगरची, रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गाणारी. आधी ख्रिस्ती आकडेच उघडले. 54 टक्के ख्रिस्ती कर्म मानतात! 32 टक्के तर गंगेची पावन करण्याची शक्तीही. आमची आजी प्रार्थना आटोपून चुलीपाशी बसली की म्हणायची, "आपलं कर्म, दुसरं काय!" ती कुठल्या रकान्यात बसली असती कोण जाणे. विचारलेले प्रश्न जसेच्या तसे दिलेत, हे फार आवडलं. खटकलं ते एवढंच: ख्रिस्ती जेमतेम 1,011, त्यामुळे मराठी ख्रिस्ती वेगळे दिसतच नाहीत. आणि तक्ते मोबाइलवर बघू नका, डोळे जातील.